चाल किती उरली? खाली बसवलेल्या पोलोसाठी स्प्रिंग आणि शॉकअप निवडताना

फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही जाणकार नाक मुरडतात. मुरडू द्या. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), एवढा ऐवज अकराशे किलोच्या गाडीत असला की वर्धा रोडला पुरून उरतो. माझी गाडी २०१५ ची, आणि मी तिचा तिसरा मालक. माझ्याकडे आली तेव्हाच ती खाली बसवलेली होती. हे काम आधीच्या दोघांपैकी कोणी आणि कुठे करून घेतलं, ते कळायला मार्ग नव्हता. दिसायला मात्र फक्कड. सोळा इंची चाकं, टायर आणि मडगार्डच्या मधे जेमतेम बोट जाईल एवढी फट.

आमच्या त्रिमूर्ती नगरात सिमेंट रस्ता झाल्यापासून रस्ता वर आणि घरं खाली, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. फाटकातून वर चढताना पुढच्या बंपरचा ओठ घासायचा. ते मान्य होतं; गाडी खाली हवी तर तेवढं सोसावं लागतं. खटकत होतं ते वेगळंच. सरळ, सपाट, चांगल्या रस्त्यावरसुद्धा गाडी आदळायची. कडक गाडी वेगळी आणि आदळणारी गाडी वेगळी. कडक गाडी रस्त्याची बातमी सांगते, आदळणारी नुसती शिव्या देते. सेमिनरी हिल्सच्या वळणावर मधेच रस्त्याचा जोड आला की नाक बाहेरच्या बाजूला टुणकन सरकायचं आणि स्टेअरिंगमध्ये क्षणभर काहीच उरायचं नाही. मागे बसलेल्या आईने एकदा विचारलं, "काऊन रे, एवढ्या पैशाच्या गाडीला स्प्रिंगा नसतात का?"

सल्ले भरपूर मिळाले. कोणी म्हणालं कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा एकत्र सेट) टाक, विषय संपव. कोणी म्हणालं कंपनीच्या स्प्रिंगा लाव आणि घरी जा. एकाने तर एअर सस्पेन्शनचा व्हिडिओ पाठवला. प्रत्येकाकडे ब्रँडचं नाव तयार होतं. गाडीला नेमकं काय होतंय, हे एकानेही विचारलं नाही. ते हिंगणा रोडवरच्या एका उस्तादांनी विचारलं. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. गाडी जॅकवर न चढवता तशीच उभी ठेवली, स्टेअरिंग पूर्ण वळवून घेतलं, चाकाच्या मागून हात घातला, शॉकअपवरचं धुळीचं रबर वर सारलं आणि बॅटरी मारली.

"भाऊ, स्प्रिंगचं मागून पाहू. पहिले हे पाहा. बफर टेकायलाच आला आहे."

"म्हणजे शॉकअप गेले?"

"गेले ते तर गेलेच. पण नवे टाकले तरी हेच होईन. खाली जायले जागाच नाही ना."

बफर म्हणजे बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर वरून अडकवलेला स्पंजासारख्या पॉलियुरेथेनचा तुकडा. चाक जास्त वर आलं की शेवटच्या टप्प्यात तो दबतो आणि लोखंडावर लोखंड आपटू देत नाही. माझ्या गाडीत मी ड्रायव्हरच्या जागी बसलेला असताना बफर आणि शॉकअपच्या नळीत फक्त ८ मिलिमीटर अंतर होतं. मित्राच्या अजून हात न लागलेल्या पोलोत तेच अंतर ५५ निघालं. म्हणजे रस्त्यावर सुपारीएवढा उंचवटा आला तरी माझी गाडी स्प्रिंगवरून बफरवर जात होती, आणि बफर ही स्प्रिंगपेक्षा कितीतरी कडक चीज.

उस्तादांनी एक स्वस्त युक्ती दाखवली. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला प्लॅस्टिकचा झिप टाय घट्ट आवळायचा आणि नळीच्या तोंडाला टेकवून ठेवायचा. गाडी चालवून आणली की नळीचं तोंड त्याला जितकं वर ढकलतं, तितकी चाल, म्हणजे चाकाला वर यायला असलेली जागा, वापरली गेली. रिंग रोडने एक फेरी मारून आलो. टाय वर जाऊन बफरच्या खालच्या टोकात रुतून बसला होता, त्याचं डोकं चेपलेलं. आता वादाला जागा नव्हती.

गाडी ३५ मिलिमीटरच खाली असायला हवी होती, मग चाल एवढी कशी संपली, हा पुढचा प्रश्न. स्प्रिंगवरचा छापील कोड अजून वाचता येत होता, आणि कॅटलॉगमध्ये त्यापुढे ३५ हाच आकडा होता. पण चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजलं तर मित्राच्या गाडीत ३८५ आणि माझ्या गाडीत ३३५. उंची अशीच मोजायची. जमिनीपासून मोजली तर टायरचा आकार आणि हवा मधे लुडबुडतात. तर, पन्नासचा फरक. वरचे १५ आले कुठून? उत्तर सोपं आहे, पण दुकानदार सांगत नाहीत. जर्मन कंपन्यांचा ३५ हा आकडा तिकडच्या पोलोच्या उंचीपासून मोजलेला. आपल्याकडे चाकणला बनलेली पोलो इथल्या रस्त्यांसाठी मुळातच जरा उंच उभी आहे. तिला तिकडची स्प्रिंग लावली की ती तिकडच्या गाडीइतकी खाली जाते, आणि वरची उंची पदरची जाते.

इथून पुढे मी ब्रँडचा नाद सोडला आणि मोजायला लागलो.

पहिलं वजन. वाडीला अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, तिथे धरमकाट्यांना तोटा नाही. ट्रकांच्या रांगेत पोलो घुसवली तसा काट्यावरचा पोरगा हसला. "यात माल काय आहे भाऊ?" मालात मीच होतो. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. अर्धी टाकी पेट्रोल आणि मी धरून एकूण ११९०. पुढे ७४०, मागे ४५०. काटा पाच किलोच्या टप्प्याने दाखवतो, पण या कामाला तेवढं पुरतं. पुढच्या एका चाकावर ३७० आले. त्यातून चाक, टायर, ब्रेक, हब हे जे स्प्रिंगच्या खालीच असतं ते साधारण ३५ किलो वजा केलं, की स्प्रिंगने उचललेलं वजन ३३५ किलो. मागे तसंच हिशेबाने १९५.

दुसरं, स्प्रिंगचा कडकपणा. एमआयडीसीत एका मित्राचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. त्याच्या हायड्रॉलिक प्रेसखाली प्लॅटफॉर्म काटा ठेवला, वर स्प्रिंग, भोवती जाड जाळीचा पिंजरा. पिंजऱ्याशिवाय हे करायचंच नाही. साडेतीनशे किलोने दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती विचारून निसटत नाही. दहा-दहा मिलिमीटर दाबत गेलो आणि काट्यावरचा आकडा वहीत उतरवत गेलो. पुढची स्प्रिंग सुरुवातीला दर मिलिमीटरला १.८ किलो घेत होती. जवळजवळच्या वेटोळ्या एकमेकींवर टेकल्यावर ती ३.१ वर स्थिरावली. गाडीच्या वजनाखाली ती याच दुसऱ्या भागात काम करते.

मागच्या दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या तर उजवी वाकडी उभी राहिली. हातात घेऊन उलटी केली. खालचं टोक ग्राइंडरने कापलेलं. कापाच्या कडेला रंग जळून काळा पडलेला, त्यावर तांबूस गंज, आणि बुडाला सपाट बसायला जी शेवटची अर्धी वेटोळी लागते ती गायब. मागचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा ९ मिलिमीटर खाली का, त्याचा उलगडा झाला. कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते, कारण काम करणाऱ्या वेटोळ्या कमी होतात. डावी दर मिलिमीटरला २.४ किलो, उजवी २.७. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या स्प्रिंगा घेऊन ही गाडी माझ्याआधी कोणीतरी समाधानाने चालवत होतं.

आता हिशेब. गाडीचं धूड स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा खालीवर होतं, यावरून तिचा स्वभाव कळतो. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ हर्ट्झमध्ये (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेवढे हेलकावे), रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या १.५ ते २ मध्ये, त्यापुढे रेसच्या. वजन किलोत आणि कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये धरून कडकपणाला वजनाने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि ६.२८ ने भागायचं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच उभा खांब. स्प्रिंग चाकाच्या जवळपास सोबतच हलते, म्हणून चाकापाशी कडकपणा सुमारे ९० टक्के धरला. पुढचा आकडा आला १.४५, मागचा १.६५ च्या आसपास. मागचा पुढच्यापेक्षा थोडा जास्त असावा, हे १९३० च्या दशकात रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने मांडलेलं सूत्र. ब्रेकर आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना उशिरा. मागची बाजू जरा लवकर हलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी डुलत नाही.

थोडक्यात, कागदावर माझ्या पुढच्या स्प्रिंगा अगदी शहाण्या होत्या. १.४५ हर्ट्झची गाडी हाडं खिळखिळी करत नसते.

मग फोन काढला. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे. फोनमधला त्वरणमापक ते आलेखावर आणतं. फोन पुढच्या सीटसमोर जमिनीला टेपने चिकटवला आणि एकाच बुटक्या ब्रेकरवरून सावकाश गेलो. शॉकअप दमलेले असल्यामुळे गाडी नंतरही हेलकावत राहायची, त्यामुळे मोजणं सोपं गेलं. आलेखाचं टोक आलं २.२ वर.

स्प्रिंग म्हणते १.४५, फोन म्हणतो २.२. वारंवारता दीडपट म्हणजे कडकपणा दुपटीच्याही वर. तो जादाचा कडकपणा कुठल्याच स्प्रिंगमध्ये नव्हता. तो त्या रबराच्या तुकड्यात होता. मला "कडक स्प्रिंगा बदल" म्हणणारे, "शॉकअप बदल" म्हणणारे आणि "अजून कडक टाक" म्हणणारे, सगळे बफरबद्दलच बोलत होते, त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

त्यामुळे निवडीचा क्रम उलटला. आधी उंची, मग त्या उंचीला पुरेल अशी चाल, मग स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी शॉकअप. बाजारात नेमकं याच्या उलट चालतं. शॉकअपच्या रंगापासून सुरुवात होते.

उंची ठरवायला वेळ लागला, कारण इथे डोळ्यांचा आणि डोक्याचा झगडा होता. ३३५ फार छान दिसत होतं. पण मॅकफर्सन गाडी खूप खाली घेतली की आणखी एक गोष्ट बिघडते. खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, चाकाकडे वर चढायला लागतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो, दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणावर गाडी कलायला जास्त बघते. म्हणजे उंची कमी केली हँडलिंगसाठी आणि कलणं वाढलं! शिवाय चाक दबताना टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतो तो वेगळाच. वळणात जोड आला की नाक सरकायचं ते बफरमुळे आणि थोडं यामुळेही. माझ्या गाडीचा आर्म स्पष्ट वर चढलेला दिसत होता. मित्राच्या गाडीत तो खाली उतरता होता. तो आडवा येईल तिथे थांबायचं ठरवलं, आणि ती जागा निघाली ३५० च्या आसपास. मूळ उंचीपेक्षा ३५ खाली, आत्तापेक्षा १५ वर.

कॉइलओव्हरचा विचार याच टप्प्यावर सुटला. बीसी रेसिंग, केडब्ल्यू, सगळ्या कंपन्यांचे पाहिले. उंची पान्याने फिरवून बदलता येते हे आकर्षण खरं. केडब्ल्यूच्या व्ही१ मध्ये फक्त उंची, व्ही२ मध्ये उसळी आवरण्याचा कडकपणाही, व्ही३ मध्ये दाबण्याचाही, अशी चढती भाजणी आहे आणि तसाच चढता भाव. पण मला उंची एकदाच ठरवायची होती. ज्यांच्याकडे कॉइलओव्हर आहेत असे नागपुरातले जे दोघे-तिघे ओळखीचे, त्यांनी बसवल्याच्या आठवड्यानंतर ती रिंग हलवलेली नाही. धुळीने आणि पावसाच्या चिखलाने आटे जाम झाले की हलवता येतही नाही. शिवाय स्वस्त सेटमध्ये स्प्रिंगची बैठक खाली घेऊनच गाडी खाली आणतात. शॉकअपची नळी तेवढीच राहते आणि पुन्हा चाल जाते. मी ज्या दुखण्यातून सुटायला बघत होतो तेच पैसे देऊन विकत घ्यायचं!

स्प्रिंगच्या बाबतीत एक गोष्ट हाती लागली ती सगळ्यात कामाची ठरली. गाडी खाली बसवायच्या जर्मन स्प्रिंगांसोबत ट्यूव्ह या तिकडच्या तपासणी संस्थेचा कागद येतो, आणि त्यावर ती स्प्रिंग पुढच्या एक्सलवर किती वजनापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. एकाच गाडीच्या हलक्या पेट्रोल इंजिनाला एक नंबर, जड डिझेलला दुसरा. मुंबईच्या आयातदाराला फोन करून पेट्रोल आणि डिझेल दोन्हींचा कागद मागितला. त्याने आधी "सर, तीस मिलिमीटर म्हणजे तीस मिलिमीटर" हे भजन लावलं, मग कंटाळून फोटो पाठवला.

डिझेलचं नाक साधारण पन्नास किलोने जड, म्हणजे चाकामागे पंचवीस. डिझेलची स्प्रिंग माझ्या हलक्या नाकाखाली ठेवली, तर मिलिमीटरला तीन किलोच्या हिशेबाने ती सात-आठ मिलिमीटर वर उभी राहणार. आधीची स्प्रिंग ३५ वाली होती, ही ३० वाली, त्याचे पाच. उच्च दाबाच्या गॅसचा शॉकअप दांडा सतत बाहेर ढकलत असतो, त्याचे तीन-चार. ३३५ वर हे सगळं चढवलं की ३५० येतंच, म्हणून डिझेलचीच घेतली. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या वजनाला जे जुळलं ते वाचून कोणी डोळे मिटून मागवायचं आणि माझ्या नावाने बोटं मोडायचं.

आता शॉकअप. इथे एक गैरसमज फार आहे, की स्प्रिंग कडक तर शॉकअप त्याच प्रमाणात कडक हवा. गणित तसं नाही. डॅम्पिंगची, म्हणजे हेलकावे जिरवण्याची, गरज कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. स्प्रिंग २५ टक्के कडक केली तर शॉकअप १२ टक्क्यांनीच वाढवावा लागतो. लोक दुप्पट कडक शॉकअप टाकतात, गाडी ब्रेकरनंतर वर यायलाच वेळ लावते, पुढचा खड्डा येतो तेव्हा ती आधीच दबलेली असते आणि असं करत करत चाल संपते. पुन्हा बफर.

दुसरं म्हणजे शॉकअपचा "वेग" हा गाडीचा वेग नसतो, दांड्याचा असतो. वळणावर गाडी कलते तेव्हा दांडा सावकाश सरकतो; सिमेंटच्या जोडावर तो झटक्यात सरकतो. समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. सिमेंट रस्त्याचे आडवे जोड साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी १२० ने गेलं तर सेकंदाला सात जोड, ८० ने गेलं तर पाच. आणि बसलेल्या माणसाचं शरीर खालीवर धक्क्यांना सगळ्यात हळवं असतं ते नेमकं ४ ते ८ हर्ट्झमध्ये. म्हणून तिथे रस्ता डोळ्याला गुळगुळीत दिसतो आणि पोटाला नाही. मला हवा होता तो शॉकअप सावकाश हालचालीला घट्ट आणि झटक्याला सोडून देणारा.

कोनी कंपनीचे पिवळे शॉकअप मनात भरले होते. उसळीचा कडकपणा फिरवून जुळवता येतो, हा त्यांचा मोठा गुण. शेवटी बिलस्टाइनकडे वळलो, दोन कारणांनी. एक, नळीची रचना. कोनीच्या पिवळ्यांमध्ये नळीत नळी असते, बिलस्टाइनमध्ये एकच नळी आणि तिच्यात दाबलेला गॅस. तेलाची उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते आणि तेलात फेस होत नाही. नागपूरचा मे महिना, पारा ४५ वर, खाली तापलेलं सिमेंट, अशा वेळी मला हे महत्त्वाचं वाटलं. दुसरं, लांबी. त्यांचा बी६ मूळ लांबीचा असतो, बी८ खास खाली बसवलेल्या गाड्यांसाठी आखूड. तिकडच्या गाडीपेक्षा मी वीसेक मिलिमीटर खाली जाणार होतो, म्हणजे दोघांच्या सीमारेषेवर. बी८ घेतला तर वर जायची चाल वाढते, पण चाक खाली लोंबायची चाल घटते. ब्रेकरवरून जोरात उतरलं तर चाक खाली जाऊन अडकतं आणि टक् आवाज येतो. नागपुरात ब्रेकर जास्त की खड्डे, यावर मतभेद होऊ शकतात. मी वरची चाल घेतली. बी८.

सेट आला तसा बसवायच्या आधी टेबलावर तपासला. यांचे पुढचे स्ट्रट आतून उलटे असतात. बारीक दांड्याऐवजी मनगटाएवढी जाड चकचकीत नळी बाहेर दिसते आणि बफर आत लपलेला असतो. म्हणून जुना बाहेरचा बफर वर पुन्हा लावायचा नाही. आयती मिळालेली चाल परत जाते. अंगाचं वजन टाकून नळी दाबली. गॅसचा जोर हाताला जाणवतो, ती सावकाश आत जाते, आणि मग एका ठिकाणी रबर लागल्याची मऊ अडवणूक. तिथे मार्करने खूण केली. गाडीच्या वजनाखाली नळी जिथे उभी राहणार होती, तिथून त्या खुणेपर्यंत ४५ मिलिमीटर. आठाच्या जागी पंचेचाळीस.

फिटिंगच्या दिवशी दोनच गोष्टींवर मी हटून बसलो. वरचा नट हवेच्या गनने फिरवायचा नाही, हातानेच. आणि खालच्या आर्मचे, मागच्या बीमचे (मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) रबरी बुश चाक हवेत लोंबत असताना आवळायचे नाहीत. तसे आवळले की गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते गाडीला वर ढकलतं आणि लवकर फाटतं. उस्तादांनी आर्मखाली जॅक लावला, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप धरायला मला सांगितलं आणि जॅक चढवत गेले. ३४५... ३४८... "बस." ३५० ला बोल्ट आवळला. चारही कोपऱ्यांवर हेच. वरचे माउंटिंग, त्यातले बेअरिंग आणि अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक नव्याच टाकल्या. जुने काढूनच ठेवले होते, त्यात काटकसर कसली. स्ट्रटच्या तळाचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही नवे.

अलाइनमेंटला टो शून्याच्या जवळ ठेवला, पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कोन, उणे एक अंशाच्या थोडा पुढे. मागचा बीम काही फिरवता येत नाही. तो जे दाखवेल ते मुकाट घ्यायचं. हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घेतला, कारण नाक वर आलं होतं आणि समोरचे डिपर मारायला लागले होते. विमा कंपनीला बदल लेखी कळवला. हा कागद लोक टाळतात आणि क्लेमच्या वेळी रडतात.

उंची पहिल्या दिवशी ३५३ होती. स्प्रिंगा मुरल्यावर ३४९. डावी-उजवी बाजू आता दोन मिलिमीटरच्या आत. त्याच ब्रेकरवर फोन पुन्हा चिकटवला तर आलेखाचं टोक बोथट झालेलं, पण जे काही होतं ते १.५ पाशी. सेमिनरी हिल्सच्या त्या वळणावर जोड आता ऐकू येतो, नाक सरकत नाही. शिवमडक्याहून समृद्धीला लागलो. जोडांची कुरकुर आहेच, फक्त ती आता सीटखाली राहते, मणक्यापर्यंत येत नाही. खरी मजा छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाटात आली. खराब पॅचवर वळणात ब्रेक सोडून पुन्हा पेट्रोल दिलं तरी पुढची चाकं रस्ता सोडत नव्हती. झिप टाय तेव्हाही लावलेला होता, आता त्या जाड नळीवर. घाट उतरून पाहिलं तर ४५ पैकी ३८ वापरले गेले होते.

सगळं गोड नाही. शहरात वीसच्या वेगाने गाडी अजून ताठ वाटते. एकनळी शॉकअप सुरुवातीच्या बारीक हालचालीला जरा हट्टी असतोच. ब्रेकरवरून घाईने उतरलं की तो टक् आवाज येतो, सांगितल्याप्रमाणे. सामान, कस्टम आणि मजुरी धरून आकडा लाखाच्या उंबरठ्याला गेला; त्यात कंपनीचा पूर्ण सेट बसवून वर बरेच पैसे उरले असते. आईचा निकाल: "आता बसवते. पण मऊ म्हणू नको."

परवा डिझेल पोलोवाला एक ओळखीचा आला, गाडी पाहिली, म्हणाला मलाही हाच सेट मागवून दे. त्याच्या नाकाखाली हीच स्प्रिंग सात-आठ मिलिमीटर जास्त दबणार, आणि तो मागच्या सीटवर दोन पोरं आणि डिकीत शेतीचं सामान घेऊन काटोलला जा-ये करतो. मागच्या १९५ किलोचे त्याच्या गाडीत किती होतात ते मला माहीत नाही. सध्या त्याला रिकामी आणि भरलेली, अशा दोन्ही पावत्या घेऊन यायला वाडीच्या काट्यावर धाडलं आहे.